कोर्टाने कायदा 'रद्द केला' म्हणजे नेमकं काय केलं?

५ मे २०२१. दुसऱ्या लाटेचे दिवस होते. सुप्रीम कोर्टाचा मराठा आरक्षणाचा निकाल आला आणि थोड्याच वेळात माझ्या भाचीचा फोन. ती तेव्हा एमडीच्या पहिल्या वर्षाला, ड्युटी कोविड वॉर्डात, किट काढून बाहेर आली आणि मोबाईल हातात घेतला तर सगळ्या ग्रुपवर एकच ओळ, 'मराठा आरक्षण रद्द'. मला म्हणाली, मामा, रद्द झालं म्हणजे माझी सीट पण गेली का?

मी तेव्हा एका मराठी पेपरच्या डेस्कवर होतो. तिने जी ओळ वाचली तशीच ओळ मी स्वतः काही वेळापूर्वी टाइप केली होती. एजन्सीच्या इंग्रजी कॉपीत शब्द होता 'स्ट्राइक डाऊन', आणि तो दिसला की बोटं आपोआप 'रद्द' टाइप करायची. रिपील दिसलं तरी रद्द, क्वॅश दिसलं तरी रद्द, सेट असाइड दिसलं तरी रद्द, इतकी वर्षं हेच चाललं होतं आणि कधी कुणी विचारलं नव्हतं. भाचीने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला म्हटलं थांब, बघून सांगतो. शेकडो पानांचा निकाल. शेवटी तो परिच्छेद सापडला, की ९ सप्टेंबर २०२० पर्यंत, म्हणजे आरक्षणाला स्थगिती मिळाली त्या दिवसापर्यंत, पदव्युत्तर मेडिकलला जे प्रवेश झालेत आणि हायकोर्टाच्या निकालानंतर तोपर्यंत ज्या सरकारी नेमणुका झाल्यात त्यांना धक्का लागणार नाही. तिची सीट शाबूत होती. पण हे तिला सांगेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि तोपर्यंत ती पोरगी त्या मनःस्थितीत पेशंट बघत होती.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे. आपण मराठीत कायद्याच्या बातम्यांमध्ये जो सरसकट 'रद्द' वापरतो त्याने लोकांचं खरोखर नुकसान होतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे कारण आपल्याकडे शब्द आहेत, आपण ते वापरत नाही एवढंच.

आधी स्ट्राइक डाऊन म्हणजे काय ते बघू. इंग्रजीत हा शब्द तसा मारामारीचा. उभ्या माणसाला फटका मारून खाली पाडणं. आजाराने माणूस अचानक कोसळला तरी इंग्रजीत हेच म्हणतात. कायद्याच्या बाबतीत मात्र त्याला एक ठरलेली जागा आहे, हे काम फक्त कोर्ट करतं. संसद कधी कायदा स्ट्राइक डाऊन करत नाही, ती रिपील करते, म्हणजे आपलाच कायदा मागे घेते, आणि कोर्ट कधी रिपील करत नाही. इंग्रजी पेपर वाचणाऱ्याला क्रियापदावरूनच कळतं की हे कुणी केलं. आणि जिथे कोर्टाला हा अधिकारच नाही तिथे हा शब्दही तसा चालत नाही. ब्रिटनमध्ये कोर्ट पार्लमेंटचा कायदा पाडू शकत नाही, १९९८च्या मानवी हक्क कायद्याखाली फार तर एवढं जाहीर करू शकतं की हा कायदा मानवी हक्कांशी विसंगत आहे, कायदा मात्र चालूच राहतो, पुढचं काय ते पार्लमेंट बघेल. म्हणजे ह्या दोन शब्दांमागे एक अख्खी राज्यव्यवस्था उभी आहे, अमेरिकेची, आणि आपली.

आपल्या घटनेत कलम १३ आहे. मूलभूत हक्कांशी जो कायदा विसंगत असेल तो त्या विसंगतीपुरता 'व्हॉइड', आणि घटनेच्या मराठी प्रतीत ह्याला फार सुंदर शब्द आहे, 'शून्यवत'. नीट बघा, शून्यवत. ह्या कलमात कोर्टाने कायदा फाडावा, खोडावा असं काही लिहिलेलं नाही. कायदा शून्यवत आहे असं घटनाच म्हणते, कोर्ट फक्त तपासून सांगतं की हो, हा शून्यवत आहे. हा सगळा फरक मराठीत एका क्रियापदात मावतो, 'रद्द केला' आणि 'रद्दबातल ठरवला'. केला म्हटलं की वाटतं काल कायदा चांगला होता, आज कोर्टाने मोडला. ठरवला म्हटलं की कळतं की तो मुळातच सदोष होता, कोर्टाने ते ओळखलं. आणि अजून एक गोष्ट कळते, की कोर्टाच्या हातात खोडरबर नाही. कायद्याच्या पुस्तकातून ओळी काढून टाकायचा अधिकार फक्त कायदेमंडळाला, कोर्ट सांगेल की ह्या ओळी लागू करू नका, पण ओळी छापलेल्या राहतात.

ह्या 'छापलेल्या राहतात' मधून काय होतं ते आपल्या महाराष्ट्राला माहीत असायला हवं कारण ती गोष्ट आपल्याकडेच सुरू झाली. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, आणि पालघरच्या दोन तरुण मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने लाइक केलं होतं. आयटी कायद्याचं कलम ६६ए लावलं होतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा काय तर त्रास होईल, गैरसोय होईल असा मेसेज पाठवणं. ते बघून श्रेया सिंघल नावाची तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी अख्खं ६६ए घटनाबाह्य ठरवलं. मी त्या रात्री ड्युटीवर होतो. '६६ए रद्द', मोठं हेडिंग, आम्ही सगळे खूश होतो. मनापासून खूश होतो.

आणि नंतर? पोलीस ६६ए खाली गुन्हे नोंदवतच राहिले. महिना-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं. २०२१ मध्ये पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना सुप्रीम कोर्टात गेली आणि तिने आकडे ठेवले, ११ राज्यांच्या जिल्हा कोर्टांत ७४५ खटले ह्या कलमाखाली अजून चालू. त्या यादीत महाराष्ट्र वरच्या रांगेत होता. ज्या राज्यातल्या दोन मुलींमुळे हे कलम पडलं त्याच राज्यात. कोर्टालाही धक्का बसला, तसं न्यायमूर्तींनी बोलून दाखवलं. त्यावर तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य वकील, वेणुगोपाल यांनी जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले की छापलेल्या कायद्यात कलम जसंच्या तसं आहे, खाली फक्त तळटीप आहे की सुप्रीम कोर्टाने हे स्ट्राइक डाऊन केलंय, गुन्हा नोंदवायला बसलेला पोलीस कलम वाचतो, तळटीप कोण वाचतं. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा आदेश काढावा लागला की ६६ए खाली कुणावरही खटला चालवायचा नाही. निकालानंतर साडेसात वर्षांनी!

आता ह्यात शब्दाचा दोष किती असं कुणी विचारेल. पोलिसांचा दोष आहेच, सरकारांचा आहे, ज्यांनी निकालाची प्रत खालपर्यंत पोचवली नाही त्यांचा आहे. पण आम्हा बातमीवाल्यांचाही आहे. 'रद्द केलं' वाचून वाचकाची समजूत होते की विषय संपला, कलम आता अस्तित्वातच नाही. मग एखाद्या पोराला चौकीत बसवून ठेवलं आणि पुस्तक उघडून दाखवलं की हे बघ इथे कलम आहे, तर त्याचा बाप काय बोलणार? त्याला वाटणार आपणच चुकीचं ऐकलं असेल. त्या बापाला माहीत हवं होतं की कलम पुस्तकात असणारच, छापलेलं असूनही ते लागू करता येत नाही. आम्ही बातमीत एक ओळ जास्त लिहिली असती, की कलम छापील कायद्यात दिसत राहील पण त्याखाली कारवाई करता येणार नाही, तर त्याच्या हातात काहीतरी असतं. मी ती ओळ लिहिली नाही.

दुसरी बाजू रिपीलची. तीन कृषी कायदे. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मंजूर, १२ जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अंमलबजावणीला स्थगिती दिली, १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत मागे घ्यायचं विधेयक पास झालं. ह्यात कोर्टाने कायदे घटनाबाह्य ठरवलेले नाहीत, कुठेही नाही. तरी आज कुणाही चार माणसांना विचारा, त्यातला एकजण तरी छातीठोक सांगेल की ते कोर्टाने रद्द केले ना. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. थंडीत, उन्हात, पावसात वर्षभर दिल्लीच्या सीमांवर जे शेतकरी बसले, त्यांचं वर्षच एका चुकीच्या कर्त्याने पुसलं जातं. तुम्ही त्या कायद्यांच्या बाजूचे असा की विरोधातले, ते कुणी मागे घेतले आणि कशामुळे घेतले हे तरी खरं नोंदलं जायला नको का? 'रद्द झाले' ह्या प्रयोगात तर कर्ताच नाही.

रिपीलला सरकारी मराठीत 'निरसन' म्हणतात. शब्द चांगला आहे पण लोकांना तो शंकानिरसनामुळे माहीत आहे, 'अधिनियमाचे निरसन' वाचून गावातल्या माणसाला काही बोध होत नाही. 'मागे घेतला' हे सगळ्यांना कळतं, तेच वापरावं. आणि मागे घेतला ह्यात आणखी एक बरोबर अर्थ आहे, की तोपर्यंत तो चालू होता. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये हे लिहूनच ठेवलंय, मागे घेतलेल्या कायद्याखाली आधी जे झालं ते तसंच राहतं, ज्या जबाबदाऱ्या आल्या त्या राहतात. घटनाबाह्य ठरलेल्या कायद्याचं तसं नसतं, तो मुळातच शून्यवत, म्हणजे त्याखाली आधी झालेल्या गोष्टींचं काय हा प्रश्न उभा राहतो आणि कोर्टाला तो वेगळा सोडवावा लागतो. माझ्या भाचीच्या सीटचा प्रश्न नेमका हाच होता. म्हणून तो परिच्छेद निकालात लिहावा लागला.

उलटा फरकही आहे. एखादा कायदा मागे घेणारा कायदा संसदेने नंतर मागे घेतला तर पहिला आपोआप जिवंत होत नाही, तसं स्पष्ट लिहावं लागतं. पण २०१५ मध्ये न्यायाधीश नेमण्याच्या आयोगाची घटनादुरुस्ती कोर्टाने घटनाबाह्य ठरवली तेव्हा जुनी कॉलेजियम पद्धत, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची, लगेच परत चालू झाली. दोन्ही ठिकाणी पेपरात शब्द एकच असतो.

मधल्या जागेतल्या गोष्टी तर ह्या एका शब्दाने पारच गायब होतात. कलम ३७७ बद्दल सगळे म्हणतात रद्द झालं. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने अख्खं कलम गेलं नव्हतं, दोन सज्ञान माणसांनी संमतीने ठेवलेले संबंध त्यातून बाहेर काढले, बाकी कलम होतं तसं राहिलं. ह्याला वकील 'रीड डाऊन' म्हणतात, म्हणजे कलमाचा आवाका कमी केला. त्याच महिन्यात २७ तारखेला व्यभिचाराचं कलम ४९७ मात्र पूर्ण गेलं. आमच्याकडे दोन्ही रद्द. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाचा गोवंशाच्या कायद्याचा निकाल आला, तेव्हा कत्तलीवरची बंदी कायम राहिली पण राज्याबाहेरून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम पडलं, आणि आरोपीनेच निर्दोषपणा सिद्ध करावा हेही पडलं. कायदा तोच, त्याचा एक भाग उभा आणि दुसरा पडलेला. 'त्या विसंगतीपुरता शून्यवत' म्हणजे हेच. आणि हे काही नवीन नाही, १९५१ सालीच मुंबईच्या दारूबंदी कायद्याच्या बालसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने तसंच केलं होतं, दारूबंदी ठेवली पण औषधं आणि अंगाला लावायच्या गोष्टींत अल्कोहोल असतं ती बंदीच्या बाहेर काढली.

राजद्रोहाचं १२४ए घ्या. लोकमान्यांना ज्या कलमाखाली १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली ते कलम. कितीतरी लोकांना वाटतं ते सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये रद्द केलं. ११ मे २०२२ ला कोर्टाने ते फक्त थांबवून ठेवलं, खटले पुढे चालवू नका आणि नवे शक्यतो नोंदवू नका म्हणून. घटनाबाह्य ठरवलेलं नाही. उलट १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात अर्थ मर्यादित करून ते वैधच ठरवलं होतं. पुढे १ जुलै २०२४ पासून अख्खं इंडियन पीनल कोडच गेलं आणि नव्या न्याय संहितेत त्याच्या जवळपास जाणारं कलम १५२ आलं. ज्यांना वाटतं की १२४ए कोर्टाने कधीच रद्द केलंय ते कलम १५२ कडे बघणारच नाहीत, त्यांच्या लेखी तो प्रश्न मिटलेला आहे. चुकीच्या शब्दाने माणूस बेसावध राहतो तो असा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो. पडलेला कायदा परत उठू शकतो.

२ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टाने ३७७ चा आवाका कमी केला. तेव्हाही हेडिंग तेच होतं. लोकांनी विश्वास ठेवला, कितीतरी मुलामुलींनी घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, एकत्र राहायला लागले. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला आणि एका सकाळी ही सगळी माणसं परत कायद्याच्या नजरेत गुन्हेगार झाली, आणि आता तर त्यांनी स्वतःबद्दल सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. माझा एक जवळचा मित्र त्यात होता. साडेचार वर्षं त्याला वाटत होतं ते कलम नाहीये. ते होतं, झाकलेलं होतं. संसदेने त्या साडेचार वर्षांत कलम दुरुस्त केलं असतं तर २०१३ मध्ये उठायला काही उरलंच नसतं, पण संसदेला तसं विचारावं असंही कुणाला सुचलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं झालं ना रद्द. पुढची पाच वर्षं त्याने कशी काढली ते मी बघितलंय.

अमेरिकेत हेच अजून मोठ्या प्रमाणावर झालं. ॲरिझोना राज्यात १८६४ सालचा गर्भपातबंदीचा कायदा होता, ॲरिझोना राज्य व्हायच्याही आधीचा. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालानंतर तो लागू करणं बंद झालं पण कायदेमंडळाने तो पुस्तकातून काढला नाही. पन्नासेक वर्षं तो तसाच पडून राहिला. २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रोचा निकाल फिरवला आणि एप्रिल २०२४ मध्ये ॲरिझोनाच्या कोर्टाने सांगितलं की १८६४ चा कायदा लागू करता येईल. मग पळापळ, आणि मे महिन्यात कायदेमंडळाने तो एकदाचा मागे घेतला. इंग्रजीत इथे दोन वेगळे शब्द आहेत, कायदा पाडला तर स्ट्राइक डाऊन आणि जुना निकाल फिरवला तर ओव्हरटर्न. आपल्याकडे तेव्हा बोलण्यात आलं 'अमेरिकेत गर्भपाताचा कायदा रद्द', आणि ऐकणाऱ्याला कळेना की बंदीचा कायदा रद्द झाला की परवानगीचा, आणि मुळात रद्द झाला तो कायदा नव्हताच, तो निकाल होता.

ह्या झोपलेल्या कायद्यांसाठी आपल्या सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्येच जी कल्पना वापरली ती कुठल्याही मराठी माणसाला एका क्षणात कळेल. ग्रहण. खटला भिकाजी नारायण धाकरस यांचा, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या मोटार वाहतुकीच्या कायद्याबद्दल, म्हणजे आपल्या विदर्भालाही लागू असलेला १९४७ चा कायदा. घटना आली तेव्हा तो व्यवसायाच्या हक्काशी विसंगत झाला. पण कोर्ट म्हणालं की घटनेच्या आधीचा हा कायदा मेलेला नाही, मूलभूत हक्कांच्या सावलीत गेलाय, ग्रहण लागलंय, आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने विसंगती दूर झाली तसं ग्रहण सुटलं. घटनेनंतर केलेल्या कायद्यांबद्दल कोर्टाची भूमिका जास्त कडक आहे, ते जन्मतःच मेलेले मानतात. पण ग्रहण हा शब्द कायद्याच्या वर्गात अडकून पडला, वर्तमानपत्रात आला नाही, ह्याचं मला खरंच दुःख आहे. सूर्य गेला नाही, झाकला गेलाय, हे समजायला आपल्याकडे कुणाला पदवी लागत नाही.

ह्या सगळ्यावर डेस्कवरचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे. हेडिंगमध्ये जागा नसते. वाचकाला एवढे बारकावे नको असतात. मीही हेच म्हणायचो. पण मग शेवटचं पान उघडा, खेळाचं. तिथे आपण कधी नुसतं 'बाद' लिहून थांबतो का? त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, धावचीत, झेलबाद, प्रत्येक बाद होण्याला मराठीत वेगळा शब्द घडवला, लोकांनी तो उचलला, शाळेतली पोरं रेडिओ ऐकून ते शब्द शिकली. सामना रद्द झाला, अनिर्णित राहिला, पुढे ढकलला ह्यातही कुणी गल्लत केलेली चालत नाही, लगेच फोन येतात. फलंदाज कसा बाद झाला हे ज्या वाचकाला अचूक हवं असतं त्याला आपल्याला तुरुंगात टाकू शकणारा कायदा कसा बाद झाला हे नको असेल, हे मला पटत नाही. आम्ही कधी दिलंच नाही त्याला.

आणि शब्द शोधायला लांब जायला नको. 'रद्दबातल' हा शब्द आपण एकाच अर्थाचे दोन तुकडे समजून वापरतो, पण रद्द म्हणजे नाकारलेलं, परत फिरवलेलं, त्याच शब्दातून रद्दी आली, आणि बातल म्हणजे पोकळ, निष्फळ, ज्यात मुळात दमच नाही असं. अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्या कचेरीच्या मराठीत आलेला हा शब्द स्ट्राइक डाऊनपेक्षाही नेमका आहे, कारण इंग्रजी शब्द फक्त फटका दाखवतो, बातल हा शब्द कारण सांगतो. म्हणून कोर्टाचा असेल तर 'घटनाबाह्य ठरवला' किंवा 'रद्दबातल ठरवला'. संसदेचा, विधानसभेचा असेल तर 'मागे घेतला'. तात्पुरतं असेल तर 'स्थगिती', हा शब्द तर आहेच, फक्त स्थगितीला रद्द म्हणायची घाई सोडायची, सप्टेंबर २०२० मध्ये मराठा आरक्षणाला स्थगिती मिळाली तेव्हाच अर्ध्या लोकांनी रद्द झालं म्हणायला सुरुवात केली होती. अर्थ आक्रसला असेल तर 'आवाका कमी केला'. आधीचा निकाल बदलला तर 'निकाल फिरवला'. आणि सरकारचा एखादा आदेश किंवा परवाना असेल, जसं ७ फेब्रुवारी २०१८ ला गोव्यातल्या ८८ खाणींच्या लीजचं नूतनीकरण, तर तिथे खुशाल 'रद्द केलं' म्हणा, तिथे तो शब्द बरोबर बसतो.

कुणी म्हणेल कोर्टाने एकदा सांगितलं ना, मग सरकार परत तोच कायदा आणू कसा शकतं. आणतं. महाराष्ट्रानेच आणलाय. डान्सबार बंदीची कलमं २००५ ची, साध्या बारमध्ये बंदी आणि तीन तारांकित व वरच्या हॉटेलांना सूट. २००६ मध्ये हायकोर्टाने ती रद्दबातल ठरवली, पण त्या निकालाला स्थगिती मिळाली आणि बंदी चालूच राहिली. म्हणजे हायकोर्टाने पाडलेलं कलम पुढची सात वर्षं रस्त्यावर लागू होतं आणि त्या बायकांची रोजीरोटी बंद होती. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल कायम केला. जून २०१४ मध्ये विधानसभेने सूट काढून सरसकट बंदी आणली. २०१५ मध्ये त्याला स्थगिती. २०१६ मध्ये नवा कायदा, अटी इतक्या की परवाना मिळणंच मुश्कील. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या काही अटी पाडल्या, सीसीटीव्हीची, शाळा-मंदिरापासून एक किलोमीटर अंतराची, आणि काही ठेवल्या, साडेअकराला बंद करायची वेळ, नोटा उधळण्यावरची बंदी. मी ह्या चौदा वर्षांतल्या बहुतेक बातम्या हाताळल्या. 'डान्सबार बंदी रद्द' हे हेडिंग मी स्वतः तीन वेळा दिलं असेल, आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. बारमध्ये काम करणाऱ्या एखादीने ते वाचून उद्या कामाला जायचं की नाही ठरवलं असेल का, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.

सरकारांनाही ह्यातून सोडायचं नाही. कोर्टाने एखादं कलम घटनाबाह्य ठरवलं की ठरावीक मुदतीत ते पुस्तकातून काढायचं किंवा दुरुस्त करायचं असं बंधन कायदेमंडळावर असायला हवं, तळटिपेवर भागवायचं नाही. ॲटर्नी जनरलनी २०२१ मध्ये साधीच गोष्ट सुचवली होती, की छापताना त्या कलमालाच कंस करा आणि कंसात लिहा, हे पाडलंय. आपल्या गावच्या तलाठ्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. सातबाऱ्यावर ज्याचा हक्क संपला त्याचं नाव खरवडून काढत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकतात, जुनं नावही दिसतं आणि आता त्याचा जमिनीवर हक्क नाही हेही एका नजरेत कळतं. अडाणी शेतकरीसुद्धा उताऱ्यावर आधी कंस कुठे आहे ते बघतो. पोलीस ठाण्यातल्या कायद्याच्या पुस्तकात तो कंस आला पाहिजे आणि आमच्या बातमीतही आला पाहिजे.

भाची आता एमडी होऊन तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. अजूनही कुठला निकाल आला की तिचा मेसेज येतो, मामा, कुणी केलं, कितपत केलं आणि कधीपासून? मी पूर्ण वाचून मगच उत्तर देतो.